क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्ड : वस्तू किंवा सेवा रोख पैसे न देता खरेदी करता याव्यात आणि त्यांची किंमत ठरावीक मुदतीनंतर एकदम अथवा हप्त्याहप्त्याने चुकती करता यावी, या हेतूने बँक वा तत्सम वित्तसंस्था आपल्या ग्राहकास देते ते प्रमाणित ओळखपत्र. या कार्डावर धारकाचे नाव, क्रमांक व वैधतेची मुदत नोंदलेली असते आणि धारकाची माहिती साठविणारी चुंबकीय पट्टी किंवा इलेक्ट्रॉनिक चकती बसविलेली असते. धारकाच्या खात्यातील शिल्लक रकमेतून तत्काळ वजावट करणाऱ्या डेबिट कार्डाहून ते भिन्न आहे. क्रेडिट कार्डाने होणारा प्रत्येक व्यवहार हा अल्पकाळापुरता का होईना, कर्जाचा व्यवहार असतो.

क्रेडिट कार्डात दोन कार्ये एकत्र आलेली आहेत : पैसे चुकते करण्याची सोय आणि कर्ज. ही दोन्ही कार्ये आरंभी वेगवेगळ्या साधनांनी होत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती एकाच कार्डात सामावली गेली. पहिल्या कार्याचे मूल्य मुख्यत्वे दुकानदार देतो, दुसऱ्याचे धारक देतो. धारक या दोहोंपैकी कोणत्या कार्यासाठी कार्ड वापरतो, यावर ते त्याला स्वस्त पडते की महाग, हे अवलंबून असते. म्हणूनच कार्डाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कर्जाची खरी किंमत धारकास समजावी, यासाठी झालेल्या प्रयत्नांचाही इतिहास आहे.

कार्यपद्धती : कार्डाच्या व्यवहारात सामान्यतः पाच पक्ष असतात : धारक, कार्ड देणारी बँक, दुकानदार, दुकानदाराची बँक आणि या दोन बँकांना जोडणारी कार्डसंघटना. व्यवहाराच्या वेळी कार्ड देणारी बँक संमती देते व पुढे ठरलेल्या मुदतीत दुकानदारास त्याच्या बँकेमार्फत पैसे मिळतात. मात्र त्यातून काही टक्के वटाव कापून घेतला जातो आणि तो दोन्ही बँका व कार्डसंघटना यांच्यात विभागला जातो. कार्ड देणारी बँक महिन्यातून एकदा धारकास विवरणपत्र पाठविते. त्यातील संपूर्ण रक्कम अंतिम तारखेपर्यंत भरल्यास व्याज पडत नाही. उदा., विवरणपत्र दरमहा ५ तारखेस निघत असेल व रक्कम २५ तारखेपर्यंत भरावयाची असेल, तर ६ जूनला केलेल्या खरेदीचा समावेश ५ जुलैच्या विवरणपत्रात होतो आणि तिचे पैसे २५ जुलैस द्यावे लागतात. म्हणजे धारकास ४९ दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते. हीच खरेदी ५ जुलैस झाली, तर ही मुदत २० दिवसांवर येते.

संपूर्ण रक्कम न भरता केवळ ‘किमान देय रक्कम’ भरण्याची मुभाही धारकास असते. अशा वेळी उरलेली रक्कम पुढील महिन्यात ओढली जाते व तिच्यावर व्याज सुरू होते. याला आवर्ती कर्ज म्हणतात. थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही सामान्यतः बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख रक्कम उचलल्यास तीवर पहिल्या दिवसापासून व्याज व शिवाय वेगळे शुल्क पडते.

पूर्वेतिहास : ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्दप्रयोग अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी याने १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुकिंग बॅकवर्ड या कादंबरीत केला. इ. स. २००० मधील कल्पित समाजाचे चित्र रंगविताना प्रत्येक नागरिकास राष्ट्रीय उत्पन्नातील त्याचा वार्षिक वाटा कार्डाच्या रूपाने मिळतो व खरेदी केली की त्यातून तेवढी रक्कम वजा होते, अशी योजना त्याने वर्णिली आहे. म्हणजे हे नाव जेथे प्रथम आढळते, तेथील कार्ड कर्जाचे नसून हक्काच्या वाट्यातून वजावट करणारे होते.

प्रत्यक्षात कार्डाची सुरुवात दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी विभागीय भांडारे उदयास आली. तेथे विक्रेता व गिऱ्हाईक यांची परस्परांशी ओळख राहिली नाही. त्यामुळे उधारीस पात्र असलेल्या गिऱ्हाइकाची ओळख पटविण्यासाठी भांडारे धातूची क्रमांकित नाणी किंवा बिल्ले देऊ लागली. पुढे ‘चार्गा-प्लेट’ नावाची धातूची लहान पट्टी प्रचारात आली. तीवर गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता उठावाच्या अक्षरांत असे आणि तिचा छाप पावतीवर घेतला जाई. १९१४ मध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीने निवडक ग्राहकांस धातूची कार्डे दिली. १९२० नंतरच्या दशकात पेट्रोल कंपन्यांनी व १९३६ मध्ये विमानकंपन्यांनी आपापली कार्डे काढली. ही सर्व कार्डे एका विक्रेत्यापुरती किंवा एका धंद्यापुरती मर्यादित होती. गिऱ्हाइकास आपल्याकडे बांधून ठेवणे हा त्यांचा मुख्य हेतू असून कर्जावरील व्याज हे उत्पन्नाचे प्रमुख साधन नव्हते.

अनेक दुकानांत चालणारी योजना बँकेमार्फत राबविण्याचा आरंभीचा एक प्रयत्न १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फ्लॅटबुश नॅशनल बँकेतील जॉन बिगिन्स यांनी ‘चार्ज-इट’ या नावाने केला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक्लिन नॅशनल बँकेने आपले कार्ड काढले. या योजना स्थानिक स्वरूपाच्याच राहिल्या.

डायनर्स क्लब व अमेरिकन एक्स्प्रेस : धंद्याची मर्यादा ओलांडून व्यापक प्रसार पावलेले पहिले कार्ड म्हणजे डायनर्स क्लबचे होय. फ्रँक मॅकनामारा व राल्फ श्नायडर यांनी १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे हा क्लब स्थापन केला. जेवणाचे पैसे देताना मॅकनामारा यांच्या लक्षात आले की, आपण पाकीट घरीच विसरलो आहोत व त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा दीर्घकाळ सांगितली जाई. ती पुढे जाहिरातीसाठी रचली गेली असावी, असे मानले जाते. कार्ड पुठ्ठ्याचे होते. आरंभी सुमारे २०० सभासद व २७ भोजनगृहे या योजनेत सामील होती. वर्षाअखेरीस सभासदसंख्या सुमारे २०,००० झाली. भोजनगृहांकडून देयकाच्या ७% वटाव घेतला जाई आणि सभासदांना महिनाअखेरीस संपूर्ण रक्कम भरावी लागे. व्याजाचा प्रश्न येथे नव्हता. क्लबचे उत्पन्न दुकानदाराच्या वटावातून व सभासदाच्या वर्गणीतून येई.

प्रवासी धनादेशांच्या व्यवसायात मुरलेल्या अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने ऑक्टोबर १९५८ मध्ये याच धर्तीवर आपले कार्ड काढले व १९५९ मध्ये पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचा वापर सुरू केला. दरमहा पूर्ण फेड आवश्यक असलेल्या अशा कार्डांना ‘चार्ज कार्ड’ म्हणतात. क्रेडिट कार्डापासून त्यांचा हा भेद महत्त्वाचा आहे.

फ्रेस्नो येथील प्रयोग : पैसे चुकते करण्याची सोय व कर्ज यांची मोठ्या प्रमाणावर सांगड घालण्याचा निर्णायक प्रयोग कॅलिफोर्निया राज्यात झाला. तेथील बँक ऑफ अमेरिका ही ए. पी. जियान्नीनी यांनी १९०४ मध्ये बँक ऑफ इटली या नावाने स्थापन केलेली बँक. स्थलांतरित कामगार, फळबागायतदार व छोटे दुकानदार हा तिचा मूळ ग्राहकवर्ग होता. सामान्य कुटुंबे फ्रिजसाठी एके ठिकाणी, फर्निचरसाठी दुसऱ्या ठिकाणी अशी किरकोळ हप्त्यांची कर्जे काढीत. ती सर्व एकाच खात्यावर आणता येतील, या विचाराने बँकेतील अधिकारी जोसेफ विल्यम्स यांनी ‘बँकअमेरिकार्ड’ योजना आखली.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रेस्नो या शहरातील बँकेच्या सुमारे ६०,००० ग्राहकांना त्यांनी मागणी केलेली नसताना टपालाने कार्डे पाठविण्यात आली. दुकानदारांना पुरेसे कार्डधारक असल्याखेरीज योजनेत रस नव्हता आणि ग्राहकांना पुरेशी दुकाने असल्याखेरीज कार्डाचा उपयोग नव्हता. हा तिढा सोडविण्यासाठी एकाच वेळी सबंध शहरात कार्डे वाटण्याचा मार्ग अवलंबिला गेला. पतमर्यादा सामान्यतः ३०० ते ५०० डॉलर होती आणि न भरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८% व्याज होते. थोड्याच काळात ही योजना राज्यभर पसरून सुमारे २० लाख कार्डे वाटली गेली.

परिणाम अपेक्षेच्या विपरीत झाला. थकबाकीदार खाती ४% असतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती २२% निघाली. टपालातून कार्डे चोरीस गेली, बनावट व्यवहार झाले आणि बँकेला अधिकृत हिशेबानुसार ८८ लाख डॉलरचा तोटा सोसावा लागला. विल्यम्स यांनी १९५९ च्या अखेरीस राजीनामा दिला. तथापि बँकेने योजना गुंडाळली नाही. वसुलीची व पतपडताळणीची व्यवस्था सुधारताच १९६१ च्या सुमारास ती फायद्यात आली. पुढच्या महिन्यावर थकबाकी ढकलणारे, पण अखेरीस पैसे भरणारे धारक हेच बँकेचे सर्वांत लाभदायक ग्राहक ठरतात, हा या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष होय. पुढील काळातील कार्डव्यवसाय मुख्यतः याच पायावर उभा राहिला.

कार्डसंघटनांचा उदय : १९६६ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने इतर बँकांना आपल्या कार्डाचे परवाने देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी काही बँकांनी इंटरबँक कार्ड असोसिएशन ही संघटना स्थापिली. तिचे कार्ड १९६९ पासून मास्टर चार्ज व १९७९ पासून मास्टरकार्ड या नावाने ओळखले जाऊ लागले. परवाना घेतलेल्या बँकांमधील परस्पर हिशेबांचा गोंधळ वाढल्याने १९७० मध्ये बँकअमेरिकार्ड योजना सदस्य-बँकांच्या मालकीच्या स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आली. डी हॉक हे तिचे पहिले प्रमुख. १९७६ मध्ये तिने व्हिसा हे नाव धारण केले. इंग्लंडमध्ये बार्कलेज बँकेने जून १९६६ मध्ये बार्कलेकार्ड काढले, तर जपानमध्ये जेसीबी या कंपनीची स्थापना १९६१ मध्ये झाली.

याच काळात व्यवहाराची तांत्रिक बाजूही बदलली. पूर्वी दुकानदार कार्डाचा छाप कार्बन पावतीवर घेई व मोठ्या रकमेसाठी दूरध्वनीवरून संमती मिळवी. १९७० नंतरच्या दशकात संगणकाद्वारे काही सेकंदांत संमती मिळू लागली व चुंबकीय पट्टीचा प्रसार झाला. १९९० नंतर चकतीयुक्त कार्डांची समान मानके निश्चित झाली. व्यवहार जसजसा सुलभ झाला, तसतशी खर्च करताना हातातून पैसा जात असल्याची जाणीवही क्षीण होत गेली, असे ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे.

कायदे व प्रकटन : न मागता कार्डे वाटण्याच्या पद्धतीने अमेरिकेत अनेक शहरांत फ्रेस्नोची पुनरावृत्ती झाली, १९६६ च्या नाताळच्या सुमारास शिकागो परिसरात बँकांनी लक्षावधी कार्डे पाठविली व मोठा तोटा ओढवून घेतला. १९७० मध्ये अशा वाटपास कायद्याने बंदी करण्यात आली; चोरीस गेलेल्या कार्डाच्या गैरवापराबद्दल धारकाची जबाबदारीही ५० डॉलरपर्यंत मर्यादित करण्यात आली. तत्पूर्वी १९६८ च्या ‘ट्रूथ इन लेंडिंग’ अधिनियमाने कर्जाचा खर्च वार्षिक टक्केवारीत सांगणे धनकोस बंधनकारक केले होते. दरमहा दीड टक्का आणि वर्षाला १८% यांत गणिताच्या दृष्टीने फरक नसला, तरी सामान्य ऋणकोच्या समजुतीत तो मोठा होता. या अधिनियमाचे महत्त्व त्यातच आहे. १९७४ च्या एका अधिनियमाने विवरणपत्रातील चुकांबाबत तक्रार करण्याचा हक्क दिला आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अधिनियमाने स्त्रीपुरुषभेद व वैवाहिक स्थिती यांच्या आधारे पत नाकारण्यास मनाई केली. त्यापूर्वी विवाहित स्त्रीस स्वतःचे उत्पन्न असूनही पतीच्या स्वाक्षरीशिवाय कार्ड मिळणे बहुधा दुरापास्त असे. इंग्लंडमधील १९७४ च्या ग्राहक पत अधिनियमाने ठरावीक किमतीच्या मर्यादेतील सदोष खरेदीबद्दल विक्रेत्याबरोबरच कार्ड देणाऱ्या संस्थेसही जबाबदार धरले.

व्याजाच्या कमाल दराबाबत मात्र इतिहासाला उलटे वळण लागले. मिनेसोटा राज्यातील बँकेने नेब्रॅस्का राज्यातील बँकेविरुद्ध केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये असा निर्णय दिला की, राष्ट्रीय बँकेस ज्या राज्यात ती वसलेली आहे, तेथील व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांसही लावता येतो. परिणामी १९८० मध्ये दरमर्यादा उठविणाऱ्या साउथ डकोटा राज्यात सिटीबँकेने आपला कार्डव्यवसाय हलविला. राज्यांच्या दरमर्यादा नाममात्र उरल्या व ग्राहकसंरक्षणाचा भर दर बांधून देण्याऐवजी दर उघड करण्यावर आला. १९८८ च्या अधिनियमाने कार्डाच्या जाहिरात-अर्जात व्याजदर, वार्षिक शुल्क व बिनव्याजी मुदत ही माहिती कोष्टकाच्या रूपात छापणे सक्तीचे केले. २००९ च्या अधिनियमाने आणखी पुढचे पाऊल टाकले : केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल, हे विवरणपत्रावरच छापावे लागू लागले.

भारत : भारतात १९६० नंतरच्या दशकात डायनर्स क्लबचे कार्ड आले, त्याचा वापर मोठ्या शहरांतील उच्च उत्पन्नाच्या वर्गापुरता व हॉटेलांपुरता सीमित होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढले. भारतीय बँकेच्या क्रेडिट कार्डाची सुरुवात येथून मानतात. त्यापाठोपाठ आंध्र बँक व बँक ऑफ बडोदा यांनी कार्डे काढली. आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी व नव्या खाजगी बँका या क्षेत्रात उतरल्या; स्टेट बँकेने १९९८ मध्ये स्वतंत्र कार्डकंपनी स्थापन केली. त्याच वर्षी सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड मात्र नामसाम्य असले, तरी शेतीकर्जाची योजना असून प्रस्तुत अर्थाने क्रेडिट कार्ड नव्हे. पतविषयक माहिती एकत्र ठेवणारी ‘सिबिल’ ही संस्था २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि २००५ मध्ये अशा संस्थांसाठी अधिनियम संमत झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१२ मध्ये रूपे हे देशी कार्डजाळे सुरू केले. २०२४ च्या आरंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या घरात पोहोचली.

कर्जाचा हिशेब ऋणकोस कळावा व व्याजास काही सीमा असावी, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. थकलेले व्याज कोणत्याही एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, हा हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मान्य करीत. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने कर्जखतामागील व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला आणि सावकाराने ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा देणे बंधनकारक केले. विवरणपत्र व प्रकटन यांविषयीचे आधुनिक नियम याच विचाराचे पुढचे रूप म्हणता येतील.

कार्डांच्या व्याजदराबाबत राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै २००८ मध्ये असा निर्णय दिला की, वर्षाला ३०% हून अधिक दर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी हा निर्णय रद्द ठरविला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अधिकारक्षेत्रातील असल्याचे न्यायालयाने म्हटले. रिझर्व्ह बँकेने दराची कमाल मर्यादा न बांधता आचारसंहितेवर भर दिला आहे. तिने २०२२ मध्ये काढलेल्या निदेशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई करण्यात आली. किमान देय रक्कम भरूनही कर्ज वाढतच जाईल अशा रीतीने ती ठरविता येऊ नये, न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावू नये आणि थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. कोणत्या जाळ्याचे कार्ड हवे, याची निवड पात्र ग्राहकास देण्याचा आदेश मार्च २०२४ मध्ये निघाला व त्याची अंमलबजावणी सप्टेंबरपासून झाली.

कार्डाची निवड : कार्ड देणाऱ्या संस्थांची वाढती संख्या व परतावा, गुण, प्रवाससवलती इ. आमिषांची विविधता यांमुळे योग्य कार्डाची निवड हा सामान्य कुटुंबाच्या अर्थकारणातील प्रश्न बनला आहे. वरील इतिहासावरून स्पष्ट होते की, या निवडीत धारक दरमहा पूर्ण फेड करणार की थकबाकी ठेवणार, हा मुद्दा निर्णायक ठरतो. इतर सर्व बाबी त्यानंतरच्या आहेत.

पूर्ण फेड करणाऱ्या धारकाच्या दृष्टीने व्याजदर गौण असतो. त्याने वार्षिक शुल्क, परतावा व स्वतःच्या खर्चाचे स्वरूप यांचा मेळ पाहणे इष्ट असते. उदा., वर्षाला ३,००,००० रुपये खर्चणाऱ्या धारकास १% परतावा मिळत असल्यास त्याचे मूल्य ३,००० रु. होते, कार्डाचे शुल्क १,००० रु. व त्यावर १८% वस्तू व सेवा कर धरता १,१८० रु. वजा जाऊन निव्वळ लाभ १,८२० रु. उरतो. विशिष्ट पेट्रोल कंपनी, रेल्वे किंवा विक्रीसंस्था यांच्याशी जोडलेले कार्ड त्या प्रकारचा खर्च खरोखर नियमित असेल, तरच लाभदायक ठरते. विमानतळावरील विश्रांतिकक्षासारख्या सवलतींचे मूल्य धारक त्यांचा किती वेळा उपयोग करील, यावरून ठरवावे लागते. त्यांच्या छापील किमतीवरून नव्हे. परदेशप्रवास वा परकीय चलनातील खरेदी अधिक असल्यास त्यावरील अधिभार तपासणे आवश्यक असते.

थकबाकी ठेवणाऱ्या धारकाची स्थिती सर्वस्वी वेगळी असते. दरमहा ३·५% हा दर भारतीय कार्डांवर सर्रास आढळतो. सरळ हिशेबाने तो वर्षाला ४२% होतो, तर दरमहा व्याज मुद्दलात मिळविल्यास ५१% हून अधिक. या दराने ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा ५% इतकीच किमान रक्कम भरत गेल्यास व नवी खरेदी मुळीच न केल्यास वर्षभरात धारक सुमारे २८,३०० रु. भरतो, तरीही, कर जमेस न धरताच, सुमारे ४०,८०० रु. देणे उरते. भरलेल्या रकमेपैकी सुमारे १९,१०० रु. व्याजातच जातात आणि मूळ कर्ज निम्म्यावर येण्यास जवळजवळ साडेतीन वर्षे लागतात. हीच थकबाकी केवळ एक महिना ठेवल्यास व्याज १,७५० रु. व त्यावरील कर ३१५ रु. असे २,०६५ रु. पडतात, म्हणजे वर उल्लेखिलेल्या धारकाचा सबंध वर्षाचा लाभ एका महिन्याच्या थकबाकीत नाहीसा होतो. अशा धारकास परताव्याचे कोणतेही कार्ड किफायतशीर ठरत नाही. त्याला खरी गरज कर्जाची असते आणि तीसाठी वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, पतसंस्था किंवा ठेवीवरील कर्ज हे मार्ग बहुधा स्वस्त असतात. मोठी खरेदी मासिक हप्त्यांत विभागून घेण्याची सोय कार्डावर असते. परंतु ‘शून्य व्याज’ या शब्दांवर विसंबता येत नाही. अशा योजनांत व्याज प्रक्रियाशुल्काच्या वा नाकारलेल्या सवलतीच्या रूपाने दडलेले असते, याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांचे लक्ष वेधले होते.

ज्यांचा पूर्वीचा पत-इतिहास नाही, अशा नवोदित कमावत्या व्यक्ती, गृहिणी व लहान व्यावसायिक यांना मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड उपयुक्त ठरते. त्याची मर्यादा ठेवीच्या प्रमाणात असते आणि वेळेवर फेड केल्याची नोंद पतमाहिती संस्थांकडे होऊन पुढील कर्जांचा मार्ग सुकर होतो. सिबिलचा पतगुणांक ३०० ते ९०० या कक्षेत असतो. फेडीतील नियमितपणा व मंजूर मर्यादेच्या मानाने केलेला वापर यांचा त्यावर प्रभाव पडतो. थोड्या काळात अनेक कार्डांसाठी अर्ज करणे गुणांकास बाधक ठरू शकते. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनाशुल्क मिळविण्याची तरतूद २०१७ पासून आहे.

कोणतेही कार्ड स्वीकारण्यापूर्वी वार्षिक व्याजदर, शुल्के, बिनव्याजी मुदत, रोख उचलीचे नियम, विलंबशुल्क आणि पहिल्या वर्षानंतर बदलणाऱ्या अटी या बाबी ‘सर्वाधिक महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या मथळ्याखाली दिलेल्या पत्रकात पाहता येतात. पतमर्यादा ही उत्पन्नात पडलेली भर नसून कर्ज देण्याची तयारी आहे. मासिक उत्पन्नाच्या कितीतरी पट मर्यादा मिळाली, तरी ती पूर्ण वापरण्याचे बंधन नसते व धारकास ती स्वतःच्या इच्छेने कमीही करून घेता येते.

मूल्यमापन : क्रेडिट कार्डाने रोकड बाळगण्याचा धोका कमी केला, दूरच्या विक्रेत्याशी व्यवहार शक्य केला, चोरी व फसवणूक यांबाबत धारकास रोख पैशांहून अधिक संरक्षण दिले आणि अडीअडचणीच्या वेळी तारणाविना तत्काळ पैसा उपलब्ध करून दिला. दुसऱ्या बाजूस, या सोयीचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही. वटावाचा भार दुकानदार वस्तूंच्या किमतींत मिळवतो, त्यामुळे रोखीने खरेदी करणाराही तो अंशतः सोसतो. तसेच पूर्ण फेड करणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींचा काही खर्च थकबाकीदारांच्या व्याजातून भागविला जातो. व्याजात सर्वाधिक पैसा ज्यांचा जातो, ते बहुधा कमी उत्पन्नाचे व अनियमित मिळकतीचे लोक असतात. फ्रेस्नो येथे कार्डे वाटली गेली, तेव्हा त्यांची किंमत काय पडेल, हे ना बँकेस पुरते ठाऊक होते, ना ग्राहकास. आज ती विवरणपत्रावर छापलेली असते. तिचा उपयोग ती वाचून हिशेब करणाऱ्यासच होतो.